विंडोज १० नंतर लिनक्स? पण मराठी फाइल्सचं काय?

हिंगणघाट किंवा आर्वीतल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात २०१६ साली घेतलेला कॉम्प्युटर अजून धडधाकट आहे, असं समजा. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. मग चालू मशीन भंगारात काढायचं का?

इथे लिनक्सचा पर्याय समोर येतो. लिनक्स मिंट, उबुंटू किंवा सी-डॅकचं 'बॉस' मोफत मिळतं. स्टॅटकाउंटरनुसार २०२४ मध्ये जगातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा ४ टक्क्यांपुढे गेला. केरळच्या सरकारी शाळा तर अनेक वर्षांपासून लिनक्स वापरतात.

मग घोडं अडतं कुठे?

जुन्या मराठी फॉन्टपाशी. श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, अर्जांचे नमुने लिनक्सवर जसेच्या तसे उघडतीलच असं नाही. युनिकोडमधला मजकूर मात्र दोन्हीकडे चालतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डही लिनक्समध्ये असतो.

म्हणजे लिनक्स फुकट असलं, तरी वर्षानुवर्षांच्या फाइल्स युनिकोडमध्ये आणायला वेळ लागणारच. त्यामुळे आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून प्रिंटर, स्कॅनर आणि रोजच्या फाइल्स तपासाव्यात. विंडोज काढायचा निर्णय त्यानंतर.