खैरलांजी : शिक्षा झाली, हेतूची नोंद राहिली

द्वेषातून झालेल्या हल्ल्यातून जो वाचतो, त्याच्या वाट्याला दोन लढे येतात. पहिला गुन्हेगारांना शिक्षा व्हावी यासाठीचा. दुसरा, हल्ला कोणत्या कारणाने झाला हे व्यवस्थेने मान्य करावे यासाठीचा. पहिल्यात यश आले म्हणून दुसऱ्यात येतेच असे नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे यांचा दहा वर्षांचा संघर्ष हेच सांगतो.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील या गावात जमावाने भोतमांगे या दलित बौद्ध कुटुंबावर हल्ला केला. पत्नी सुरेखा, कन्या प्रियांका आणि रोशन व सुधीर हे दोन पुत्र मारले गेले. भैयालाल तेवढे बचावले. एका नातेवाइकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात सुरेखा व प्रियांका यांनी साक्ष दिली होती. त्यातील आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड घडले. नोव्हेंबरमध्ये विदर्भात आंदोलनाचा भडका उडाला आणि तपास सीबीआयकडे सोपविण्यात आला.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. मात्र हे कृत्य सूडापोटी घडले असे मानले गेले आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. भोतमांगे यांचा आक्षेप नेमका यालाच होता. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांची ही मागणी अपूर्णच होती.

सूड आणि जात ही दोन वेगळी कारणे मानता येतात का, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न आहे. साक्षीचा राग कोणालाही येऊ शकतो. परंतु त्या रागातून अख्खे कुटुंब संपविण्याचे धाडस जमावाला होते, ते समोरचे कुटुंब गावात एकाकी व दुर्बळ आहे या खात्रीमुळे. ती खात्री जातीतून येते. हेतूची नोंद ही केवळ शब्दांची बाब नाही. अत्याचार म्हणून नोंद झाली तरच पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, विशेष न्यायालय आणि पीडितांना अर्थसाहाय्य या तरतुदी लागू होतात.

जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच ठामपणे मांडले होते. २००१ च्या दरबान परिषदेत भारत सरकारनेही जातीचा प्रश्न वंशभेदाच्या चर्चेत आणण्यास विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने मात्र २००२ मध्ये जन्माधारित भेदभावात जातीचा समावेश होतो, असे मत दिले. संज्ञांचा वाद कायम असला, तरी बचावलेल्यांचे अनुभव परस्परांशी जुळतात.

लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली. सोबत असलेला मित्र ड्वेन ब्रूक्स बचावला; पण पोलिसांनी त्याच्याकडे पीडित म्हणून पाहिले नाही. लॉरेन्स कुटुंबाच्या चिवट लढ्यानंतर १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवाल आला. पीडिताला किंवा अन्य कोणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर तिची नोंद तशीच व्हावी, हे सूत्र त्याने घालून दिले. त्यामुळे गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही; तपासाची दिशा मात्र पहिल्या दिवसापासून ठरते.

भारतातही कायद्याची भाषा बदलली आहे. जुन्या कलमानुसार गंभीर गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ घडल्याचे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून, पीडित अनुसूचित जाती वा जमातीचा आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरते. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर ही माहिती त्याला होती असे न्यायालय गृहीत धरते. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच कसोटी लागते. मध्य प्रदेशातील गुरे चारण्याच्या वादातून झालेल्या मृत्यूच्या एका खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर अत्याचाराचे कलम वगळले होते.

वंशद्वेषाबाबत मात्र मोठी पोकळी आहे. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतरच्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडील नागरिकांवरील वंशद्वेषी वर्तनासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमे सुचविली. ती आली नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, भाषा, जन्मस्थान आदी कारणांवरून होणाऱ्या हत्येसाठी वेगळी तरतूद आहे. परंतु हल्लेखोर पाच किंवा अधिक असले तरच. एकट्या-दुकट्याने केलेल्या हल्ल्यात द्वेषाचा हेतू आजही निनावी राहू शकतो.

कठोर शिक्षेने गुन्हेगाराचा हिशेब होतो. हेतूच्या नोंदीने समाजाचा होतो. भोतमांगे यांनी दहा वर्षे मागितली ती ही दुसरी गोष्ट. ती मिळण्याची सुरुवात न्यायालयात होत नाही. पोलीस ठाण्यात पहिली फिर्याद लिहून घेताना बचावलेल्या माणसाचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवले जाते की नाही, यावर ती ठरते.