उडालेल्या रंगाची कैफियत

जुन्या घड्याळाची तबकडी नवी करून घेणाऱ्या मंडळींविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी आज रीतसर नोंदवून टाकतो. घड्याळाला तेलपाणी करा, पट्टा बदला, फुटलेली काच बदला, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्या तोंडाला रंग फासू नका!

पाणबुड्यांच्या घड्याळांचंच बघा ना. बीडमध्ये बसून पाणबुड्यांविषयी लिहायचं म्हणजे जरा धाडसच. आमचा समुद्र भूगोलाच्या पुस्तकात, आणि उन्हाळ्यात गावोगावचं पाणी टँकरमध्ये. नाही म्हणायला निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे; पण तिच्या काठावर वाकून पाहणारे पुष्कळ, बुडीची मिनिटं मोजणारा कोणी नाही. तर १९५३च्या सुमारास स्वित्झर्लंडात 'फिफ्टी फॅदम्स' आणि 'सबमरिनर' ही घड्याळं निघाली. काचेभोवती फिरतं कडं आणि त्यावर साठ मिनिटांच्या खुणा. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्याशी जुळवायची, की पाण्याखाली किती वेळ गेला हे कळतं. पुढे बरीच वर्षं या कड्यावर रंगवलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी बसवत. ऊन आणि खारं पाणी खाऊन काळी पट्टी राखाडी होते, निळी आकाशी होते. आणि गंमत अशी, की आज शौकीन लोक या विटलेल्या पट्टीला कोऱ्या काळ्या पट्टीपेक्षा जास्त पैसे मोजतात! काही लबाड तर नवी पट्टी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून म्हातारी करतात. म्हणजे तिकडे तरण्याचं म्हातारं करण्याचा धंदा, आणि इकडे म्हाताऱ्याचं तरणं करण्याचा. खोटेपणा दोन्हीकडे सारखाच.

आमच्याकडचा प्रकार असा. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ सालीच मुंबईत आली, आणि पुढे तिचं 'सी किंग' घड्याळ सासरेबुवांच्या कृपेने कित्येक जावयांच्या मनगटावर चढलं. समुद्राचा राजा, आणि राज्य बालाघाटच्या डोंगरात! १९६१पासून एचएमटीची घड्याळंही आली, आणि 'जनता' खरोखरच जनतेच्या हाती गेलं. आता या घड्याळांच्या जुन्या तबकड्या खरवडून, वर पोपटी, जांभळा, शेंदरी असा जत्रेतल्या फुग्यांचा रंग देऊन ती विकली जातात. कंपनीच्या कारागिरानं स्वप्नातही पाहिला नसेल असा रंग! नाव छापलेलं जरा तिरकं, अक्षरं जाडी, मिनिटांच्या रेघा काट्यांशी फटकून. गिऱ्हाईक मात्र खूष : "बघा, कसं नवंकोरं दिसतंय!"

आमच्या थोरल्या मामांचं 'सी किंग' मी एका घड्याळजीकडे नुसतं तेल घालायला नेलं होतं. त्यानं तबकडीकडे असं पाहिलं, जसं वधूपक्षाकडचे लोक बिजवराकडे पाहतात. म्हणाला, "सर, ही मळकट तबकडी कशाला ठेवता? नवी टाकून देतो की!" आता त्याला काय सांगावं? १९७२च्या दुष्काळात मामा खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घेत उभे असायचे. ते ऊन, तो घाम आणि ती धूळ काचेच्या फटीतून आत शिरली आणि पांढरी तबकडी चहासारखी झाली. तो मळ नाही हो, ते मस्टर आहे! मामा गेले, कामावरची माणसं पांगली, खडी रस्त्याखाली गेली. त्या वर्षाची सही तेवढी या तबकडीवर राहिली आहे. ती मी पुसून घेऊ?

यावर प्रतिपक्षाचा सवाल ठरलेला : "मग भांड्यांना कल्हई का करता? केसांना कलप का लावता?" उत्तर देतो. कल्हई ही आतून, आणि पोटाच्या काळजीपोटी. ती घड्याळाच्या तेलपाण्यात मोडते. कलपाचं म्हणाल, तर दोन-तीन आठवड्यांत केसांची मुळं खरं बोलू लागतात. तबकडीचं तसं नाही. एकदा मूळ रंग खरवडला की तो ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. शिवाय जुन्या काळच्या अंधारात चमकणाऱ्या काही तबकड्यांवर खरोखरचं रेडियम असे. ते खरवडून उडालेली धूळ नाकात जाणं बरं नव्हे.

एक सवलत देतो. खरोखर समुद्रात बुडी मारणारा कोणी असेल आणि त्याला कड्यावरचे आकडे दिसत नसतील, तर त्यानं जरूर नवी पट्टी बसवावी. जीव मोठा. पण जुनी पट्टी पुडीत बांधून जपून ठेवावी. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचं घड्याळ फार तर बादलीतल्या पाण्यात बुडतं त्यांनी, हे निमित्त सांगू नये.

घड्याळाचं काम वेळ दाखवण्याचं. चालू वेळ काटे दाखवतात, गेलेली वेळ विटलेला रंग दाखवतो. एवढी दुहेरी चाकरी करणाऱ्या नोकराचं निम्मं काम पैसे देऊन बंद पाडायचं, हा कुठला व्यवहार?