वाढणाराच मालक

हॉटेल म्हटलें कीं आपल्या खेड्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें दोन माणसें उभीं राहतात. एक गल्ल्यावर बसलेला मालक आणि दुसरा खांद्यावर फडकें टाकून टेबल पुसणारा गडी. गल्ल्यावरचा कोण असेल तें सांगतां येत नाहीं. पण फडकेंवाला बहुधा शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या नाहीं तर सुताराच्या घरचा असतो. पाऊस दगा देतो, हातचा धंदा बसतो आणि पोर शहराची वाट धरतें. ही वांटणी ब्रह्मदेवानेंच लिहून ठेवली आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं पुढील हकीकत जरूर वाचावी.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही चार शिक्षक केरळांत तिरुवनंतपुरम येथें गेलों होतों. तेथें बसस्थानकाजवळ तंपानूर भागांत लाल विटांची, शंखाप्रमाणें वळत वर जाणारी एक इमारत आहे. लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराची ही करणी. नांव इंडियन कॉफी हाऊस. आंत जिना नाहीं. जमीनच चढत जाते आणि भिंतीच्या कडेनें टेबलें व बांकें बांधून काढलीं आहेत. दुपारचें जेवण आम्हीं तेथें केलें. डोशांतली भाजी बीट घालून लालभडक, कटलेटहि तसेंच, आणि शेवटीं गरम कॉफी. वाढणाऱ्याचा पोषाख पांढराशुभ्र, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा. आमच्यापैकीं एकानें मोडक्या हिंदींत विचारलें, "मालक कोठें बसतात?" त्यानें हंसून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलें.

वाचकहो, ही थट्टा नव्हती. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीनें १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेटला पहिलें कॉफी हाऊस काढलें. पुढें हीं दुकानें कॉफी बोर्डाकडे आलीं. १९५० नंतरच्या दशकांत बोर्डानें तीं बंद करावयाचें ठरविलें व नोकरांच्या पोटावर पाय आला. तेव्हां कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनीं त्यांस संघटित केलें. दुसऱ्याच्या दारीं अर्ज करीत न बसतां कामगारांनीं सहकारी संस्था काढल्या व दुकानें स्वतःच चालविण्यास घेतलीं. १९५७ सालीं बंगलोर व दिल्ली, १९५८ सालीं त्रिशूर. कालपर्यंत जे ताटें उचलीत होते, ते भागीदार झाले.

"अडाण्यांना हिशेब काय कळणार?" असें हंसणारे तेव्हांहि होते व आजहि आहेत. त्यांस उत्तर इतकेंच कीं, साठांहून अधिक वर्षें हीं दुकानें उभीं आहेत. अडचणी आल्या नाहींत असें नव्हे. बंगलोरच्या संस्थेला महात्मा गांधी रस्त्यावरची जुनी जागा २००९ सालीं सोडावी लागली. पण तिनें चर्च स्ट्रीटवर पुन्हां चूल पेटविली. नोकर नुसता दारावरचें कुलूप पाहत बसतो. मालक दुसरी जागा शोधतो.

आपल्या महाराष्ट्राला सहकार नवा नाहीं. प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांचा साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. पण तेथें ऊस पिकविणारा सभासद. ऊस तोडणारा व कारखान्यांत राबणारा मजूरच राहिला. याच्या उलट, १९५९ सालीं मुंबईच्या गिरगांवांत सात बायांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यांतून लिज्जत उभें राहिलें, व तेथें लाटणारीच मालकीण आहे. तेव्हां सहकार या नांवाला भुलूं नका. घाम कोणाचा व भाग कोणाचा, हें आधीं विचारा.

प्रत्येक गांवचीं पांच-दहा पोरें शहरांतल्या हॉटेलांत व रस्त्यावरच्या धाब्यांवर राबत आहेत. भट्टी कशी लावावी, गिऱ्हाईक कसें राखावें, माल कोठें स्वस्त मिळतो, हें सर्व त्यांस येतें. येत नाहीं तो फक्त ताळेबंद. निरनिराळ्या घरचीं दहा माणसें एकत्र आलीं तर कायद्यानें सहकारी संस्था नोंदवितां येते. म्हणून आईबापांस आमची विनंती आहे: पोराला ताट उचलण्याची लाज वाटूं देऊं नका, पण जमाखर्च शिकल्याशिवाय त्याला गांवाबाहेर धाडूं नका. आणि गुरुजींनो, गणिताच्या तासाला व्याजाचें उदाहरण घालतांना सावकाराबरोबर भागीदाराचेंहि एक घालीत जा.