घासण्याआधी मोजा

वरातीत क्लॅरिनेट चिरकलं की लोक वादकाला हसतात. त्याच्या माऊथपीसकडे कुणी बघत नाही.

सोलापुरात बँडवाल्यांच्या पेट्यांत अजून आजोबांच्या वेळचे काळे, इबोनाईटचे माऊथपीस निघतात. त्यांच्याबद्दल दोन अंधश्रद्धा आहेत. एक, जुनं ते सोनं. दुसरी, वाजत नाही ना, मग पॉलिश पेपर घे आणि घास. दुसरी जास्त महाग पडते. माझ्या मामांचा माऊथपीस मी असाच वीस मिनिटांत मारला, म्हणून सांगतोय.

आधी सोन्याचं बघू. इबोनाईट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. ते उन्हात हिरवट-तपकिरी पडतं, गरम पाण्यात वाकडं होतं. वय वाढलं म्हणून गोड होत नाही. वर कोरलेलं फ्रेंच नाव तो कुणी बनवला एवढंच सांगतं. नंतर किती हातांनी घासला, ते सांगत नाही. ऑनलाइन 'व्हिंटेज' म्हणून चौपट पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माऊथपीसचा सगळा जीव रीडखालच्या वळणात असतो. सपाट टेबलावर रीड बसते, पुढे दोन्ही कडा हळूहळू तिच्यापासून दूर जातात आणि टोकाशी फट उरते. वांदोरेनच्या बी४५ची ही फट १.१९५ मिमी, ५आरव्हीची १.०६५. फरक ०.१३ मिमी, झेरॉक्सच्या कागदापेक्षा जरासा जास्त. तेवढ्यानं रीडचा नंबर बदलतो, फुंक बदलते. ओठ सैल करून मींड घेणाऱ्याला मोठी फट आणि मऊ रीड सोयीची वाटू शकते. पण तीच दुसऱ्याला दमवते. म्हणून निवड नावावरून नको, आपल्या वाजवण्यावरून करा.

आता घासणं. माझा अंदाज, ही सवय सनईकडून आली. ज्या शहरानं सिद्राम जाधवांची सुंद्री ऐकली, तिथे पत्ती घासून सुरात आणणं ही विद्याच आहे. पण पत्ती बिघडली तर दुसरी करता येते. माऊथपीसचं गेलेलं रबर परत येत नाही.

"आमच्या वडलांनी कुठे मोजलं? कान होता त्यांना." होता, मान्य. पण कान बिघाड आहे एवढं सांगतो. तो डाव्या कडेत की उजव्या, हे सांगत नाही. त्यासाठी सपाट काच आणि गॅरेजमध्ये मिळणारं फीलर गेज पुरतं. माऊथपीस काचेवर ठेवा, पातळ पाती टोकाकडून हलकेच सरकवा. दोन्ही कडांवर ती सारख्याच अंतरावर अडायला हवी. एकीकडे जास्त आत गेली, तर चिरकण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. मग काचेवर बारीक पेपर, दोन-चार हलके हात, आणि पुन्हा मोजणं. टेबलच वाकडं असेल तर हात लावू नका, जाणकाराकडे न्या.

आणि जो माऊथपीस छान वाजतोय, तो आधी मोजा. आकडे लिहा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. डीजेनं बँडची कामं खाल्ली म्हणून आपण रडतो. पण आजोबांचा आवाज ज्या वळणात होता, ते वळण डीजेनं घासलेलं नाही. ते आपण घासलंय.