सहावीतल्या मुलाची हाडे २०६ नसतात

‘मानवी शरीरात एकूण किती हाडे असतात?’ या एका गुणाच्या प्रश्नाचे ‘२०६’ हे उत्तर प्रौढ माणसाला लागू पडते. ते पाठ करणाऱ्या मुलाला लागू पडत नाही. जन्मतः हाडांचे सुमारे ३०० वेगळे भाग असतात आणि वाढत्या वयात ते जुळत जातात. सहावीतल्या मुलाच्या खुब्याचे हाड अजून तीन तुकड्यांत असते, माकडहाडाच्या वरचे पाच मणके एकसंध झालेले नसतात, आणि गळ्याखालचे आडवे हाड पूर्ण व्हायला तर पंचविशी उजाडते. अस्थिसंस्थेचा धडा या वाढीपासूनच सुरू व्हायला हवा. नावे आणि आकडे मागून आले तरी चालतील.

प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा सांगाडा नावे शिकायला उपयोगी आहे. पण तेवढेच पाहिले, तर हाड म्हणजे कोरडी, निर्जीव वस्तू असा समज होतो. प्रत्यक्षात हाडाला रक्तपुरवठा असतो, मोडले तर ते सांधते, आणि त्याच्या मगजात तांबड्या पेशी तयार होतात. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवावे. त्यावर बारीक बुडबुडे येतात, कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. उरतात ती चिवट प्रथिने. कडकपणा क्षारांचा आणि चिवटपणा प्रथिनांचा, हे मुलाला एकदाच कळते आणि कायमचे कळते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवला, तर कोणाच्या घरी मांसाहार चालतो आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नही येत नाही.

याहून मोलाचे साधन म्हणजे मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या हाताचे दोन एक्स-रे. मनगटातल्या आठ हाडांपैकी एकही जन्मतः एक्स-रेत दिसत नाही. ती एकेक करून उमटतात, शेवटचे साधारण नऊ ते बारा या वयात. म्हणूनच डॉक्टर मनगटाच्या एक्स-रेवरून वाढीचा अंदाज बांधतात. मुलाच्या बोटांच्या हाडांत टोकाजवळ काळी फट दिसते. ती मोड नसते, तिथे वाढणारी कूर्चा असते. हाडाची लांबी तिथूनच वाढते.

ही माहिती पालकांनाही हवी. कूर्चेचा हा पट्टा हाडापेक्षा कमजोर असतो आणि तिथली दुखापत दुर्लक्षित राहिली, तर हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते. खेळताना पडून मुलाचे मनगट सुजले, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल लावून चोळू नये. आधी एक्स-रे काढावा.