गव्हाचा बुटकेपणा आणि पेरणीची खोली

जिरायत शेतांत गहूं विरळ उगवला, कीं शेतकरी बियाण्यास दोष देतो आणि बियाणेंवाला पेरणीस. या वादांत एक गोष्ट दोघांच्याहि नजरेआड राहते. ती म्हणजे बुटक्या गव्हाचें नियामक जनुक.

वनस्पतीच्या अंगीं हजारों जनुकें असतात. पैकीं कांहीं इतर जनुकांच्या कामावर अंमल चालवितात. कचेरींतील एका हुकुमानें साऱ्या तालुक्याचा कारभार फिरावा, तसाच हा प्रकार आहे. गव्हांतील असें एक जनुक वाढीस लगाम घालणारें प्रथिन निर्माण करतें. जिबरेलिन नांवाचें वाढीचें द्रव्य पोहोंचलें, कीं तो लगाम सुटतो व ताट उंच होतें. जपानांतील 'नोरिन १०' या गव्हाच्या जनुकांत असा पालट झालेला होता, कीं हा लगाम सहजीं सुटत नसे. त्या गव्हाच्या संकरांतून अमेरिकेंत ऑर्व्हिल व्होगेल यांनीं व मेक्सिकोंत नॉर्मन बोरलॉग यांनीं बुटके वाण सिद्ध केले. १९६६ सालीं भारतानें मेक्सिकोहून सुमारें १८,००० टन बियाणें आणविलें. खत-पाणी भरपूर देऊनहि पीक लोळेनासें झालें व उत्पन्न वाढलें. हा उपकार कोणीहि विसरूं नये.

परंतु नियामकाचा अंमल ताटापुरताच राहत नाहीं. त्याच लगामामुळें कोंबावरील म्यानहि तोकडें होतें. उंच वाणाप्रमाणें ओलीच्या शोधांत ३-४ इंच खोल पेरल्यास बुटक्या वाणाचे पुष्कळ कोंब मातींतच अडकून मरतात. रोगाचेंहि तसेंच. थंड व दमट मुलखांत या जनुकाच्या गव्हाच्या ओंबीवर फ्युझेरियम नांवाची बुरशी अधिक पडते, असें आढळून आलें आहे.

म्हणून माझें मत असें, कीं बुटका वाण सुमारें २ इंचांवर, वरच्या ओलींत पेरावा. जेथें ओल खोल गेली असेल, तेथें उंच वाणच बरा. म्यान तोकडें न करतां ताट ठेंगणें ठेवणारीं दुसरीं जनुकेंहि शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. तशा वाणांची मागणी जिरायतवाल्यांनीं एकमुखानें केली पाहिजे. तोंवर बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर पेरणीची खोली ठळक छापावी, एवढा आग्रह आपल्या मंडळानें अवश्य धरावा. बी घेतांना उत्पन्नाचा आंकडा विचारणारे पुष्कळ आहेत. त्या गुणासोबत दुसरें काय येतें, हें विचारणारे मात्र थोडे.