निवेदकाच्या हवाली झालेले नृत्य

शास्त्रीय नृत्याच्या कार्यक्रमांना अलीकडे एक नवा मानकरी लाभला आहे, तो म्हणजे निवेदक. पडदा वर जाण्यापूर्वी तो ध्वनिक्षेपकापाशी येतो. आता सादर होणाऱ्या रचनेत जीवात्मा आणि परमात्मा यांचे मीलन कसे चित्रित झाले आहे, राधा ही वस्तुतः गोकुळातील कोणी स्त्री नसून तळमळणारा आत्मा कशी आहे, आणि कृष्णाच्या बासरीची छिद्रे म्हणजे अमुक चक्रे किंवा तमुक विकार कसे आहेत, हे भरदार आवाजात व निःशंकपणे समजावून देतो. आणि मग त्या निवेदनाची रुजवात घालण्यासाठी आल्यासारखी नर्तकी रंगमंचावर येते. प्रेक्षकाच्या हाती अर्थ आधीच पडलेला असतो, म्हणून तो नृत्याकडे पडताळा घेण्यापुरताच पाहतो. पाठीमागच्या पडद्यावर आकाशगंगा फिरू लागल्या की त्याचा उरलासुरला संशयही फिटतो.

या प्रथेमागचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तेलुगू, तमिळ किंवा ब्रज पदांतील शब्द मराठी श्रोत्याला उमगत नाहीत आणि ते सांगणे हे सौजन्यच आहे. परंतु शब्दांचा अर्थ सांगणे निराळे आणि सिद्धान्त सांगून मोकळे होणे निराळे. हिंदू तत्त्वविचाराला व पुराणकथेला आपल्या नृत्यपरंपरांनी जे रूप दिले आहे त्यात विचार करण्याची नृत्याची अशी एक स्वतंत्र रीत आहे. ती कथेच्या आधाराने, शरीराच्या साधनाने आणि विलंबाने चालते. ती रीत बाजूस सारून तिचा निष्कर्ष तेवढा आधी जाहीर करणे, म्हणजे फिर्याद ऐकण्यापूर्वीच हुकूमनामा वाचून दाखविण्यासारखे आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात, पहिल्याच अध्यायात, या बाबतीतला एक जुना निवाडा नमूद आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात भरतपुत्रांनी जो पहिला प्रयोग केला त्याचा विषय होता देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय. साहजिकच तेथे आलेले दैत्य खवळले, त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाणी, हालचाल आणि स्मृतीसुद्धा जखडून टाकली, इंद्राने ध्वजदंड उपसून त्या विघ्नांना झोडपले, विश्वकर्म्याकडून बंदिस्त नाट्यगृह बांधून घेण्यात आले, आणि एवढा सारा बंदोबस्त झाल्यावर देवांनाच असे वाटले की, ब्रह्मदेवाने दैत्यांशी एकदा सामोपचाराने बोलून पाहावे. ब्रह्मदेवाने विरूपाक्ष व त्याचे साथीदार यांना जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, हे नाट्य एकट्या देवांची किंवा एकट्या तुमची बखर नव्हे. तिन्ही लोकांतील भावांचे ते अनुकीर्तन आहे. पुराणकथेला रंगमंचावर कोणत्या अटीवर प्रवेश मिळाला ते येथे स्पष्ट होते. कोणाचा जय झाला याची द्वाही फिरविणे हे तिचे काम नाही. जिंकणाऱ्याच्या आणि हरणाऱ्याच्या अंतःकरणात त्या घटकेला काय उसळले, ते दोघांच्याही वतीने तिने दाखवावयाचे आहे. आपल्या धर्माची थोरवी नृत्यातून गाजवू पाहणाऱ्यांनी ही अट अवश्य ध्यानात घ्यावी. ती खुद्द ब्रह्मदेवाने, आणि तीही दैत्यांच्या तक्रारीवरून, मान्य केलेली आहे.

ही अट किती सूक्ष्मपणे पाळता येते ते पाहावयाचे तर कथकळीतील 'पूतनामोक्षम्' पाहावे. त्रावणकोरच्या राजघराण्यातील अश्वती तिरुनाळ यांनी अठराव्या शतकात रचलेल्या या आट्टकथेतील (कथकळीसाठी लिहिलेल्या काव्यातील) पूतना सुंदर स्त्रीचे रूप घेऊन गोकुळात शिरते. मराठी घरांत पूतनामावशी म्हटले की खोट्या ममतेपलीकडे कोणाच्या मनात काही येत नाही. केरळातला नट मात्र या बाईला घाई करू देत नाही. ती आधी गाव पाहते, दही घुसळणाऱ्या गोपींच्या हातांची लय पाहते, मोर पाहते, आणि हे सारे ती चोराच्या नजरेने न पाहता रमून पाहते. मग नंदाच्या घरी ते मूल तिच्या दृष्टीस पडते. येथे ढोलांचा आवाज उतरतो आणि नटाचा पिवळसर रंगविलेला चेहरा हेच सारे रणांगण होते: भुवया सैल पडतात, खालचा ओठ कापतो, मूल उचलून छातीशी घेण्याची इच्छा हातांपर्यंत येते, तेवढ्यात कंसाची आज्ञा आठवते आणि बुबुळे एका कोपऱ्यात जाऊन थिजतात. निघून जावे असे तिला वाटते, ती दोन पावले वळतेही, पुन्हा येते. विष चोपडताना तिचे डोळे भरलेले असतात. पुढे जे होते ते सर्वांना ठाऊक आहे. श्वास ओढला जाऊ लागतो, सुटकेची धडपड होते, आणि त्या लावण्यवतीच्या चेहऱ्यातून राक्षसी उकलत बाहेर येते.

भागवताने पूतनेला मातेची गती दिली आहे. या निर्णयाचे समर्थन करताना कथेकऱ्यांना व टीकाकारांना बरेच सायास पडतात, कारण विष पाजणारीला मोक्ष आणि तोही आईच्या पदवीने, हे न्यायबुद्धीला सहज पटत नाही. कथकळीचा नट वाद घालीत नाही. ती स्त्री क्षणभर खरोखरच आई झाली होती हे तो आपल्याला डोळ्यांनी पाहू देतो, आणि मग तो मोक्ष कृपेने मिळाला की कमाईने, हा प्रश्न घेऊन आपण घरी जातो. ग्रंथात जे नाही, निदान इतके ठळक नाही, ते नृत्याने येथे स्वतःच्या जबाबदारीवर मिळविले आहे. माझ्या मते नृत्यातले तत्त्वज्ञान म्हणतात ते हे.

दुसरे उदाहरण यशोदेचे. माती खाल्ली म्हणून ती मुलाची हनुवटी उचलून तोंड उघडायला लावते, आणि तेथे तिला अवघे विश्व दिसते. व्यासरायांच्या ज्या कन्नड पदावर भरतनाट्यमच्या नर्तकी बालसरस्वतींचा अभिनय सर्वतोमुखी झाला, आणि सत्यजित राय यांनी १९७६ साली 'बाला' या लघुपटात समुद्राच्या काठी जो चित्रित करून ठेवला, त्या पदातही या प्रसंगाचा उल्लेख आहे. विश्वरूप दाखविण्यासाठी नर्तकीपाशी काय साधन असते? सूर्यचंद्र नाहीत, आकाशगंगेचा पडदा नाही. पाहणाऱ्या आईचे दोन डोळे तेवढे आहेत. ते विस्फारतात, भितात, आणि मग पुराणात सांगितल्याप्रमाणे मायेचे आवरण पुन्हा पडते, समोरचे विश्व मावळून तेथे मातीने बरबटलेले तोंड उरते, आणि ती ते पदराने पुसते. वेदान्ताच्या चर्चेत माया हा सहसा दोष देण्याचा विषय. या अभिनयात तीच माया अनुकंपेसारखी दिसते, कारण तिच्यावाचून कोणत्या आईला ब्रह्मांड मांडीवर घेता आले असते?

या सगळ्यात नर्तकी एकटीच असते, हे विसरता कामा नये. यशोदा ती, मूल ती, चुगली करणारा बलराम तीच. वेष बदलत नाही, मंचावरून कोणी जात-येत नाही. कथकमध्ये एक पलटा घेतला की राधेचा कृष्ण होतो, भरतनाट्यममध्ये अर्धे वळण आणि नजरेची उंची तेवढी बदलते. जो पताक हस्त आता मेघ होता तोच पुढच्या मात्रेला तलवारीचे पाते होतो, आणि नंतर रात्र किंवा नदी. एकाच सत्तेने अनेक रूपे धारण करावीत आणि कोणत्याही रूपात अडकून पडू नये, या सिद्धान्तासाठी आचार्यांनी भाष्यांवर भाष्ये लिहिली. एकाहार्य अभिनय पाहणारा सामान्य प्रेक्षक तो सिद्धान्त अडखळल्यावाचून स्वीकारून बसलेला असतो, आणि आपण काही स्वीकारले आहे याची वार्ताही त्याला नसते. निवेदकाने ती वार्ता त्याला दिली की गंमत गेली.

शिवाय प्रत्येक हालचालीला अर्थ असलाच पाहिजे हा आग्रहदेखील परंपरेला धरून नाही. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी असाच सवाल करतात: अभिनय अर्थासाठी आहे हे समजले, पण ज्या नृत्ताचा गीताच्या अर्थाशी संबंध नाही ते कशासाठी निर्माण केले? उत्तर मिळते ते असे की, नृत्त कोणत्याही अर्थाची अपेक्षा ठेवीत नाही. ते शोभा उत्पन्न करते म्हणून योजले आहे. इतके मोकळे उत्तर देण्याचे धैर्य आजच्या एखाद्या स्मरणिकेत सापडेल काय? नटराजाच्या मूर्तीचेच पाहा. डमरूत सृष्टी, अभयहस्तात स्थिती, अग्नीत संहार, रोवलेल्या पायात तिरोभाव आणि उचललेल्या पायात अनुग्रह, ही पंचकृत्यांची मांडणी तमिळ शैव सिद्धान्तात चांगली मुरलेली आहे, आणि आनंद कुमारस्वामींच्या १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहामुळे ती जगभर पोहोचली. पण तेव्हापासून त्या मूर्तीला झेंडूची माळ घालून मंचाच्या कोपऱ्यात उभे केले की कार्यक्रमाचा तात्त्विक भाग उरकला अशी समजूत होऊन बसली आहे. चिदंबरमच्या गोपुरांवर कोरलेली १०८ करणे, म्हणजे नृत्यातले अंगविन्यास, पाहिली तर ध्यानात येते की, कोरणाऱ्यांचे मन प्रतीकांपेक्षा गुडघा किती वाकतो आणि कंबर कोठे वळते यात अधिक गुंतले होते.

मग ही स्पष्टीकरणाची खोड आली कोठून? माझी समजूत अशी आहे की ती लज्जेतून आली. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मद्रासमध्ये देवदासींच्या कुळांतील स्त्रियांकडून भरतनाट्यम उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या घरांत आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेचा पाया घातला, १९४७ साली मद्रास सरकारने देवदासी अर्पण करण्यास कायद्याने बंदी केली. मुली वाचल्या ही गोष्ट निःसंशय चांगली झाली, आणि रुक्मिणीदेवींनी शिस्त, वेष व मंचसज्जा यांत जे सौष्ठव आणले त्याचे ऋण कोणी नाकारू नये. पण ज्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांना दूर सारून ती घरात आणावयाची, तर तिच्या चारित्र्याचा काही दाखला हवा होता, आणि तो अध्यात्माच्या दप्तरातून काढून देण्यात आला. तेलुगू पदकार क्षेत्रय्याच्या पदांतील नायिका आपल्या गोपाळाशी रुसते, त्याला उंबरठ्यावरून परत धाडते, दुसरीच्या घरी घालविलेल्या रात्रीचा जाब विचारते. हे सारे आता आत्म्याचे आर्त म्हणून जाहीर होऊ लागले. वीणा धनम्माळ यांची नात असलेल्या बालसरस्वतींनी या शुद्धीकरणाला आयुष्यभर विरोध केला. शृंगाराला सोवळे नेसविण्याची गरज नाही, त्याच्यात कमी असे काही नाहीच, ही त्यांची भूमिका होती. आणि देवावर श्रद्धा त्यांच्या विरोधकांपेक्षा तसूभरही उणी नसताना त्यांनी ती घेतली होती. मला ती ग्राह्य वाटते. रुसलेली स्त्री आधी पूर्णपणे स्त्री झाली नाही तर तिच्यातून आत्मा तरी कोठून दिसणार?

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पाहुण्याचा आहे असे कोणी समजू नये. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी हिशेबाच्या खात्यावर अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय नर्तनाला दिला. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाच्या हातून एवढे काम व्हावे याचे मला नेहमीच कौतुक वाटते. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराची कामगिरी तर याहून थोर आहे. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८ ते १८३२) आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. आज अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम जगभर नाचला जातो त्याची घडी या बंधूंनी बसविली. खुद्द सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली, त्यांत एकच पुराणकथा वेगवेगळ्या नृत्यप्रकारांतून क्रमाने उलगडत जाते, म्हणजे आजच्या कार्यक्रमात एकमेकांशी संबंध नसलेले तुकडे मांडले जातात तसे तेथे होत नाही. 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने ही रचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलीही आहे. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे परिश्रम केले, पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी रचना मंचावर आणल्या. एवढे झाल्यावरही भरतनाट्यम शिकणाऱ्या किती मराठी मुलींना आपल्याच भाषेतला हा ठेवा ठाऊक आहे?

ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आणि एकनाथांच्या गौळणी यांचेही तेच. विरहिणीतील बाई अंगाला लागणाऱ्या चंदनाची तक्रार करते. एका ओळीवर दहा मिनिटे संचारी, म्हणजे त्याच ओळीचा अभिनयाने विस्तार, करण्याइतका ऐवज तिच्यात आहे, आणि अद्वैत शोधावयाचे तर त्याला त्या चंदनातूनच वाट आहे. नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळांनी हस्तांच्या विनियोगाचे श्लोक घडाघडा म्हणून घेण्याऐवजी अशी एखादी ओळ विद्यार्थिनीपुढे ठेवावी, आणि तीच ओळ पाच निरनिराळ्या रीतींनी करून दाखव, असे सांगावे. संयोजकांना सुचवावयाचे ते असे: पदाचे शब्द आणि त्यांचा सरळ अर्थ छापून आसनावर ठेवावा, आणि सरफोजींचे एखादे निरूपण अथपासून इतिपर्यंत सलग होऊ द्यावे. त्याला वेळ लागेल हे खरे. पण दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत यांवर सध्या जेवढा वेळ खर्ची पडतो, त्याच्या निम्म्यात ते बहुधा भागेल.